विवाह व कुटुंब उपचारकाचे पदव्युत्तर प्रशिक्षण (कोकणच्या संदर्भात)

नवरा-बायको, आई-वडील व मुले, सासू-सून, भाऊ-भाऊ यांच्यातला ताण एकट्यादुकट्या माणसाचा दोष न मानता नात्याचा प्रश्न म्हणून हाताळणाऱ्या व्यावसायिकाला विवाह व कुटुंब उपचारक म्हणतात. शहरात त्याला ‘फॅमिली थेरपिस्ट’ म्हणतात, तर न्यायालयात ‘विवाह समुपदेशक’ भेटतो. दोघांचे काम पुष्कळसे जवळचे असले तरी एकच नाही. या कामासाठी पदवीनंतर जे शिक्षण घ्यावे लागते, त्याचा गाभा पुस्तकात कमी आणि अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कुटुंबांसोबत घालवलेल्या तासांत जास्त आहे. कोकणातल्या विद्यार्थ्याला नेमकी हीच गोष्ट घराजवळ मिळणे कठीण जाते.

अमेरिकेत विवाह समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना १९४२ मध्ये स्थापन झाली. १९५० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि त्यांचे सहकारी कॅलिफोर्नियात स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराच्या रुग्णांच्या घरातला संवाद अभ्यासत होते. घरातला एकाचा आजार आणि इतरांचे वागणे एकमेकांत गुंतलेले असते, हा विचार तिथून पुढे पसरला. उपचारकांपैकी मरे बोवेन यांनी तीन पिढ्यांचा धागा धरला, साल्वादोर मिनुचिन यांनी घरातली सत्ता आणि कुणी कुणाच्या बाबतीत कुठवर पडायचे या सीमा पाहिल्या, व्हर्जिनिया सटीर यांनी बोलण्याच्या तऱ्हांवर भर दिला. आज कॅलिफोर्नियात परवान्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि देखरेखीखालचे ३,००० तास लागतात. भारतातही कुटुंबाला उपचारात घेण्याची कल्पना जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहू दिले होते. पुढे बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कुटुंब मनोपचाराचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. जागा नाही म्हणून नातेवाइकाला बाहेर बाकावर बसवणाऱ्या दवाखान्यांनी अमृतसरचा तो प्रयोग आजही आठवावा.

अभ्यासक्रमात मानवी विकास, मनोविकारांची ओळख, कुटुंबव्यवस्थेचे सिद्धांत, लैंगिकता, कायदा, व्यावसायिक नीती आणि संशोधनपद्धती हे विषय असतात. त्यांत अवघड असे फार नाही. खरी कसोटी सरावाच्या खोलीत लागते. विद्यार्थी कुटुंबासोबत बसतो आणि एकाच बाजूने आरपार दिसणाऱ्या एकेरी काचेपलीकडून किंवा कुटुंबाच्या संमतीने केलेल्या चित्रफितीवरून सुपरव्हायजर, म्हणजे देखरेख करणारा अनुभवी उपचारक, पाहतो. नंतरच्या चर्चेत प्रश्न येतात : सासूबाई बोलू लागल्या की तू सुनेकडे का पाहिलेस? वडील गप्प बसले तेव्हा तूच का बोललास? आपल्या घरातल्या सवयी आपण दुसऱ्याच्या घरात कशा घेऊन जातो, हे असे कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. म्हणून चांगल्या संस्थांत विद्यार्थ्याला आधी स्वतःच्याच कुटुंबाचा आराखडा काढायला लावतात.

हा आराखडा, म्हणजे जेनोग्राम, प्रशिक्षणातले सर्वांत उपयोगी साधन. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला आडवी रेघ, वैराला नागमोडी रेघ. देवगड तालुक्यातले एक घर कल्पनेने घेऊ. थोरल्या मुलाची बायको सांगते, ‘हे घरात बोलतच नाहीत.’ नवखा विद्यार्थी कागदावर दोनच चिन्हे काढतो आणि त्यांच्यामध्ये नागमोडी रेघ मारतो. सुपरव्हायजर कागद मोठा करायला सांगतो. मग वडील येतात : गिरणीत कामाला होते, १९८२ च्या संपानंतर हात हलवत गावी परतले आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडले नाही. धाकटा भाऊ डोंबिवलीत येतो, जो आंब्याच्या पैशांचा हिशोब फक्त मे महिन्यात विचारतो. सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे आणि कलमे थोरला राखतो. आई येते, जी डोंबिवलीचा फोन आला की पडवीत जाऊन बोलते. आता थोरल्याच्या गप्प बसण्याला दोन पिढ्यांचा आणि सामाईक जमिनीचा आधार दिसतो. बायकोची तक्रार खरीच राहते, पण ती एकट्या नवऱ्याच्या स्वभावाची उरत नाही.

कोकणातले घर बहुधा दोन ठिकाणी नांदते. चाकरमानी मुंबईत, म्हातारी माणसे गावी, हे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरच्या अनेक कुटुंबांत नवरा आखातात किंवा जहाजावर असतो आणि महिनोन्‌महिने घराचा कारभार बायको पाहते. तो परतला की पैशाच्या आणि मुलांच्या बाबतीत कुणाचे चालायचे, हा प्रश्न उभा राहतो. मासेमारी करणाऱ्या घरांत पावसाळी बंदीच्या काळात पुरुष घरी असतात, कमाई थांबते आणि कर्जाची बोलणी निघतात. साऱ्या कुटुंबाला एका खोलीत बसवायचे, तर गणपती किंवा शिमगा गाठावा लागतो. तेव्हाच घर भरलेले असते आणि वाटणीचे भांडणही बहुधा तेव्हाच पेटते. आठवड्याला एक बैठक, हे पाठ्यपुस्तकातले गणित इथे मोडते. त्याऐवजी सणाच्या दिवसांत दोन-तीन लांब बैठका आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉल, अशी बांधणी शिकवायला हवी.

भाषेचेही तसेच. प्रमाण मराठीत मोजून-मापून बोलणारी बाई मालवणीत ‘माका कोण इचारता?’ म्हणते, तेव्हा तिचा राग आणि एकटेपण एकदमच बाहेर येते. संगमेश्वरी, मालवणी, दालदी या बोली समजणारा उपचारक घडवणे ही चैन नव्हे, उपचाराची गरज आहे. पुष्कळ घरे समुपदेशकाकडे येण्याआधी देवस्थानात गाऱ्हाणे घालून, कौल लावून आलेली असतात. विद्यार्थ्याने त्यावर वाद घालू नये. कौल कुणी लावला, कोणता प्रश्न विचारला, उत्तर कुणी मानले नाही, एवढे शांतपणे विचारले तरी घरात शब्द कुणाचा चालतो ते कळते.

एका बाबतीत मात्र प्रशिक्षणात सवलत नसावी. मारहाण किंवा धाक असलेल्या घरात दोघांना सुरुवातीलाच एकत्र बसवणे घातक ठरते, कारण बाई बैठकीत जे बोलली त्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. आधी वेगवेगळे भेटायचे, सुरक्षितता तपासायची, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत १९८४ मध्ये महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समझोत्यापेक्षा सुरक्षितता आधी, ही शिस्त शिकायला अशा कक्षातले काम मोलाचे आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा परिचयही सर्व विद्यार्थ्यांना असावा.

भारतात ‘विवाह व कुटुंब उपचारक’ या नावाचा स्वतंत्र परवाना नाही. त्यामुळे वाट जोडून घ्यावी लागते : मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर चिकित्सा मानसशास्त्र (क्लिनिकल सायकॉलॉजी) वा मनोसामाजिक कार्य (सायकिअॅट्रिक सोशल वर्क) यातले पुढचे प्रशिक्षण. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते यांनाही नियमनाच्या कक्षेत आणले आहे. कोकणातले विद्यार्थी बहुतेक मुंबई, पुणे किंवा ठाणे गाठतात. १९९० पासून चालत आलेली ठाण्याची मानसिक आरोग्य संस्था, आय.पी.एच., तसे पाहिले तर कोकण विभागातच आहे. पण सावंतवाडीच्या मुलीला ठाणेही परगावच. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा ‘समुपदेशन व कुटुंब उपचार’ या विषयातला एम.एस्सी. अभ्यासक्रम घरी राहून शिकणाऱ्यांना आधार वाटत आला. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्रासारखे आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. हातून सराव करून घेतल्याशिवाय उपचारक घडत नाही, हे खरेच. पण मग सरावाची जागा जिल्ह्यात उपलब्ध करून देण्याची जबाबदारीही सरकारवर येते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. तिथे कुटुंब उपचाराचा एक कक्ष आणि एक कायम सुपरव्हायजर एवढ्यावरही सुरुवात करता येईल.

नोकरीचा एक मार्ग न्यायालयातून जातो. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे आणि कलम ९ न्यायालयाला आधी समेटाचा प्रयत्न करायला सांगते. याखेरीज रुग्णालये, स्वयंसेवी संस्था, शाळा आणि खासगी व्यवसाय आहेत.

छोट्या गावात हा व्यवसाय करणाऱ्याला गोपनीयतेची अडचण शहरापेक्षा जास्त जाणवते. समोर बसलेल्या माणसाचा मामा आपल्या वर्गातला निघतो, दवाखान्याच्या पायरीवर दिसलेली जोडपी संध्याकाळी बाजारात चर्चेला येतात. जवळच्या नात्यातली केस घ्यायची नाही, ती शेजारच्या तालुक्यातल्या सहकाऱ्याकडे पाठवायची, पाटीवर ‘विवाह’ हा शब्द लिहायचा की नाही हे विचारपूर्वक ठरवायचे आणि रस्त्यात भेटल्यावर आपण होऊन ओळख दाखवायची नाही, या गोष्टी विद्यार्थ्याला पहिल्या कुटुंबाला भेटण्याआधीच शिकवाव्या लागतात.