रडल्याने कॅन्सर वाढत नाही हो

मावशीच्या केमोच्या वेळी येणारा प्रत्येकजण शहाळं ठेवायचा आणि एकच म्हणायचा, "पॉझिटिव्ह राहा, बरी होशील", त्यामुळे रडलं की आजार वाढतो असं तिच्या डोक्यात बसलं आणि ती बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. तर हे खरं नाहीये.

या समजाला जोर मिळाला १९८९ मध्ये. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ जणींचा अभ्यास केला, त्यात दर आठवड्याला ग्रुपमध्ये बसून बोलणाऱ्या बाकीच्यांपेक्षा सरासरी जवळपास दुप्पट जगल्या. झालं, मन सांभाळलं की आयुष्य वाढतं, लोकांनी तेवढंच धरून ठेवलं! पण २००१ मध्ये कॅनडात २३५ जणींवर तेच करून बघितलं तर आयुष्य काही वाढलं नाही. मात्र ज्या आधीच खचलेल्या होत्या त्यांचं मन सावरलं आणि दुखणंही कमी जाणवलं, आणि माझ्या मते हे काही थोडं नाही.

मग भेटायला जाऊन करायचं काय? ऐकायचं. शेजारच्या काकूंनी एकदाच विचारलं, "भीती वाटते का गं?" मावशी तासभर बोलली, चहा गार झाला. निघताना काकू म्हणाल्या, "गुरुवारी केमोला मी येते सोबत, डबा घेऊन."