ब्रिटनमधली एमओटी: तारीख सांभाळा, गॅरेज निवडून घ्या

गाडी तीन वर्षांची झाली की ब्रिटनमध्ये दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे की नाही याची सक्तीची चाचणी, करावी लागते (उत्तर आयर्लंडमध्ये चार वर्षांनंतर). इथे नव्याने आलेली आपली मंडळी तिला पीयूसीसारखं पाच मिनिटांचं काम समजतात आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी मिळेल त्या गॅरेजात गाडी लावतात. गाडी नापास झाली की मग गॅरेजवाला म्हणेल तो आकडा मुकाट्याने मान्य करावा लागतो.

म्हणून आधी तारीख. मुदत १५ मेला संपत असेल तर १६ एप्रिलपासून चाचणी करता येते आणि पुढच्या वर्षीही १५ मे हीच तारीख राहते. त्याहून आधी केलीत तर तेवढे दिवस बुडतात. मुदतीनंतर एका दिवसाचीही सवलत नाही. दंड १,००० पौंडांपर्यंत. रोड टॅक्सचं पत्र घरी येतं, एमओटीचं येत नाही. पैशांची आठवण टपालाने आणि सुरक्षिततेची मात्र ज्याची त्याने ठेवायची, हे अजिबात पटत नाही. तेव्हा सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून मोफत सूचना आजच लावून घ्या.

कागदपत्रांची चिंता नको, गाडीच्या नंबरवर सगळी नोंद निघते.

आता गॅरेज. खरी अडचण अशी की चाचणी करणारा आणि दुरुस्तीचे पैसे घेणारा बहुधा एकच असतो. मोटारीसाठी शुल्काची कमाल मर्यादा ५४.८५ पौंड आहे, कमी कितीही घेता येतं. फारच स्वस्त जाहिरात दिसली तर उरलेले पैसे दुरुस्तीतून वसूल होणार नाहीत ना, याचा विचार करा. माझं मत विचाराल तर आधी कौन्सिलचं (इथल्या स्थानिक पालिकेचं) चाचणी केंद्र शोधा. अशी बरीच केंद्रं सर्वांना खुली असतात आणि सहसा दुरुस्ती करत नाहीत, त्यामुळे गाडी नापास करण्यात त्यांचा काही फायदा नसतो.

ते जवळ नसेल तर चाचणी बघत थांबा, तो तुमचा हक्क आहे. मध्ये बोलू नका. पण संपल्यावर 'ब्रेक पाइप गंजलाय' असं सांगितलं, तर गाडी लिफ्टवर असतानाच बोट ठेवून दाखवायला सांगा. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली म्हणाले, तर मोजपट्टी समोर लावून घ्या.

निकालाचा कागद नीट वाचा. 'डेंजरस' आणि 'मेजर' म्हणजे नापास. 'मायनर' (किरकोळ दोष) आणि 'अ‍ॅडव्हायजरी' (पुढे लक्ष ठेवायची सूचना) असूनही गाडी पास असते. ती कामं त्याच दिवशी त्याच गॅरेजात करायची सक्ती नाही. मात्र टायर-ब्रेकबद्दल लिहिलं असेल तर दुर्लक्ष करू नका.

नापास झाली, पण जुनी मुदत शिल्लक आहे, 'डेंजरस' दोष नाही आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, तर ती घेऊन दुसरीकडे दर विचारता येतो. लवकर जाण्याचा खरा फायदा हाच. चाचणी केली तिथेच दुरुस्तीला ठेवलीत आणि १० कामकाजी दिवसांत पुन्हा तपासली, तर अंशतः पुनर्चाचणी मोफत.

निकालच चुकीचा वाटला तर कृपा करून दुरुस्ती करू नका. आधी अपिलाचा व्हीटी १७ अर्ज, तोही चाचणीपासून १४ कामकाजी दिवसांत, डीव्हीएसएकडे (एमओटीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे) पाठवा. पूर्ण शुल्क पुन्हा भरावं लागतं; अपील मान्य झालं तर ते सगळं किंवा काही परत मिळतं. घाईने पार्ट बदलून मग तक्रार करणाऱ्यांचं अपील इथेच बारगळतं, कारण दोष होता की नव्हता हे तपासायला गाडीत काही उरलेलंच नसतं.