मुख्यमंत्र्यांनी पायउतार व्हावे का? महाराष्ट्रातील राजीनाम्यांची पार्श्वभूमी

आरोपांनी घेरलेल्या मुख्यमंत्र्याने किंवा मंत्र्याने तत्काळ राजीनामा द्यावा की चौकशी पूर्ण होईपर्यंत पदावर राहावे, हा वाद महाराष्ट्राच्या विधिमंडळात या ना त्या निमित्ताने सतत उभा राहतो. विरोधक विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन बसतात, ‘दोषी आढळल्यास कोणाचीही गय केली जाणार नाही’ असे उत्तर सत्ताधारी बाकांवरून येते आणि चर्चा तिथेच अडते. राज्यघटनेत या प्रश्नाचे थेट उत्तर नाही. अनुच्छेद १६४ नुसार मुख्यमंत्र्यांची नियुक्ती राज्यपाल करतात आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. म्हणजे सभागृहात बहुमत आहे तोवर, केवळ आरोपांच्या आधारे, कायदा कोणाला खुर्ची सोडायला लावत नाही. उरते ते संकेतांवर, आणि हे संकेत प्रत्यक्ष घटनांमधून घडत किंवा मोडत गेले आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात राजीनाम्यामागे दोन वेगळ्या भूमिका दिसतात. मुंबई शहराच्या भवितव्याबाबतचा केंद्राचा निर्णय मान्य नसल्याने चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले. तो मतभेदाचा राजीनामा होता. त्याच वर्षी अरियालूर येथील रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले. अपघातात त्यांचा व्यक्तिशः काही दोष नव्हता, तरी खात्याची जबाबदारी आपली आहे, असे त्यांनी मानले. ‘नैतिक जबाबदारी’ हे आज गुळगुळीत झालेले शब्द ज्या उदाहरणावर उभे आहेत, ते हे. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, मुंदडा प्रकरणात न्या. एम. सी. छागला यांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि उद्योगपती मुंदडा यांच्या कंपन्यांतील आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीची जबाबदारी अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना टाळता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. कृष्णम्माचारी पायउतार झाले. खात्याच्या सचिवाने केले, मला ठाऊक नव्हते, हा बचाव तेव्हा चालला नाही.

१९७५ मध्ये हा संकेत मोठ्या प्रमाणावर मोडला. १२ जून रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २४ जूनला अटींसह स्थगिती दिली आणि दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली. राजीनामा हवा की नको, हा प्रश्नच सार्वजनिक चर्चेतून काढून घेण्यात आला. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, तरच सात वर्षांनी महाराष्ट्रात जे घडले त्याचे महत्त्व नीट कळते.

बॅ. अ. र. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. ते धडाडीचे प्रशासक होते. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच कारकिर्दीतली, आणि ग्रामीण भागातील पुष्कळ वृद्धांना व विधवांना तिचा आधार आजही आहे. त्यांच्या समर्थकांची बाजू समजून घेताना हे विसरता येत नाही. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. घर बांधायचे तर परवाना लागे, कोटा मंजूर व्हावा लागे, आणि सामान्य माणसाला पाच-पन्नास पोत्यांसाठी महिनोन् महिने ताटकळावे लागे. बांधकाम व्यावसायिकांना मात्र मोठे कोटे मिळत होते आणि मुख्यमंत्र्यांशी निगडित असलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या न्यासांकडे त्याच व्यावसायिकांचे देणगीचे धनादेश जात होते. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी हा व्यवहार उघड केला. संसदेत गदारोळ झाला, तरी अंतुले पुढचे चार महिने पदावर राहिले. जनता पक्षाचे प. बा. सामंत आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्या. बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी दिलेल्या निकालात, देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा थेट संबंध असल्याचे म्हटले. देणगी कधी आली आणि कोटा कधी मंजूर झाला, हे कागदोपत्री शेजारी शेजारी मांडले गेल्यावर युक्तिवादाला फारशी जागा उरली नव्हती. अंतुले यांनी राजीनामा दिला आणि त्याच महिन्यात बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

पुढची कायदेशीर लढाई फारशी कोणाच्या स्मरणात नाही, पण आजच्या वादाचा गाभा तिच्यात आहे. भाजपचे रामदास नायक यांनी सप्टेंबर १९८१ मध्येच, म्हणजे अंतुले पदावर असताना, फौजदारी तक्रार दाखल केली होती. लोकसेवकावर खटला चालवायचा तर सरकारी मंजुरी हवी, या कारणाने ती सुरुवातीलाच अडली. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेला. ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद आरोपीने सोडले असेल, तर न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेताना मंजुरीची गरज नाही, असे पीठाने फेब्रुवारी १९८४ मध्ये स्पष्ट केले. याचा व्यावहारिक अर्थ फार मोठा होता. राजीनाम्यामुळे केवळ प्रतिमेचा प्रश्न सुटत नव्हता, तर खटल्याच्या वाटेतील अडसरही दूर होत होता. अर्थात त्याच निकालाने खटला थेट उच्च न्यायालयाकडे वर्ग केला होता आणि ते चुकीचे होते, असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८८ मध्ये बहुमताने ठरवले. अंतुले यांना या प्रकरणात शिक्षा कधीच झाली नाही, आणि पुढे ते दोनदा केंद्रात मंत्री झाले.

माझ्या मते येथेच प्रश्नाची नीट मांडणी करता येते. राजीनाम्याची मागणी म्हणजे दोषसिद्धी नव्हे. ज्या अधिकाऱ्यांनी साक्ष द्यायची, ज्या फायली न्यायालयात जायच्या आणि ज्या पोलिसांनी तपास करायचा, ते सगळे आरोप असलेल्या व्यक्तीच्याच हाताखाली राहावेत का, एवढाच तो प्रश्न आहे. गृहखाते स्वतःकडे असलेला मुख्यमंत्री ‘माझी खुशाल चौकशी करा’ असे म्हणतो, तेव्हा त्या वाक्याला फारसा अर्थ नसतो. त्याचा हेतू प्रामाणिक असला तरीही.

शिवाजीराव पाटील निलंगेकर यांचे प्रकरण याच कारणाने बोलके आहे. त्यांच्या मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुण वाढवले गेल्याची तक्रार एका अनुत्तीर्ण उमेदवाराने उच्च न्यायालयात नेली आणि न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये, जेमतेम नऊ महिन्यांत, त्यांना पद सोडावे लागले. मुख्यमंत्र्यांनी स्वतः कोणाला सांगितले होते का, यावर न्यायालयात बराच खल झाला. परंतु सांगण्याची गरजच पडू नये, वरिष्ठांची मर्जी ओळखून खालच्यांनी आपणहून वागावे, हा सत्तेच्या सावलीचा गुणधर्म आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जीवनातील मूल्यांची सातत्याने घसरण होत असल्याची खंत या प्रकरणात नोंदवली. निलंगेकर पुढे मंत्रिमंडळात परतले.

या दोन्ही राजीनाम्यांना न्यायालयाचा निकाल कारणीभूत होता. १९९० नंतर हा क्रम बदलला. पुण्यातील प्रभात रस्त्याच्या परिसरात प्राथमिक शाळेसाठी आरक्षित असलेला भूखंड तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या जावयाच्या बांधकाम प्रकल्पासाठी मोकळा झाल्याचा आरोप झाला. जोशी यांनी जानेवारी १९९९ अखेरीस राजीनामा दिला, तेव्हा उच्च न्यायालयाचा निकाल लागायचा होता. तो मार्चमध्ये त्यांच्या विरोधात गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०११ मध्ये कायम ठेवला. पण राजीनाम्याचा आदेश न्यायालयाकडून आला नव्हता, तो शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचा होता. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि पक्षाला नवा चेहरा हवा होता. जोशी २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर जे झाले, ते आणखी वेगळे होते. येथे भ्रष्टाचाराचा आरोप नव्हता. शहराचे रक्षण करण्यात सरकार कमी पडले, हा आक्षेप होता. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील यांनी ३० नोव्हेंबरला पद सोडले. मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतच असतात, अशा आशयाचे वक्तव्य केल्यामुळे टीकेचे लक्ष्य झालेले राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील १ डिसेंबरला पायउतार झाले. मुख्यमंत्री विलासराव देशमुख उद्ध्वस्त ताज हॉटेलची पाहणी करायला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत अभिनेता मुलगा आणि एक चित्रपट दिग्दर्शक होते. हॉटेलच्या काळवंडलेल्या दालनांतून फिरणाऱ्या त्या मंडळींची दृश्ये वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा दाखवली गेली आणि आठवड्याभरात देशमुखांचे पद गेले. मृतांचे कुटुंबीय अजून शोकात असताना ती दृश्ये असह्य होती, यात शंका नाही. तरीही सुरक्षेतील त्रुटींची राजकीय जबाबदारी कोणाची, हा खरा प्रश्न त्या भेटीच्या संतापाखाली झाकला गेला, ही बोच राहतेच. मे २००९ मध्ये देशमुख केंद्रात मंत्री झाले आणि त्याच वर्षाच्या विधानसभा निवडणुकीनंतर आर. आर. पाटील पुन्हा गृहमंत्री झाले.

देशमुखांच्या जागी आलेले अशोक चव्हाण कुलाब्यातील ‘आदर्श’ सोसायटीच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१० मध्ये पायउतार झाले. ३१ मजल्यांच्या त्या इमारतीत त्यांच्या नातेवाइकांना सदनिका मिळाल्याचा आरोप होता. आपण काही गैर केल्याचे त्यांनी नाकारले. त्यांच्या बाबतीत मंजुरीचा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. पद सोडल्यावरही सीबीआयने राज्यपालांकडे मंजुरी मागितली आणि डिसेंबर २०१३ मध्ये के. शंकरनारायणन यांनी ती नाकारली. सरकार बदलल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल विद्यासागर राव यांनी ती दिली आणि डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. चौकशी आयोगाचा अहवाल राज्य सरकारने आधी फेटाळला, मग अंशतः स्वीकारला. ‘चौकशी होऊ द्या’ असे म्हणणाऱ्यांनी हा सात वर्षांचा प्रवास डोळ्यांसमोर ठेवावा.

मंत्र्यांच्या बाबतीत तर ठरावीक असे काहीच नाही. सिंचन प्रकरणात अजित पवार यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्रिपद सोडले आणि श्वेतपत्रिका निघाल्यावर डिसेंबरमध्ये ते परतले. गृहमंत्री अनिल देशमुख यांनी एप्रिल २०२१ मध्ये, उच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीचा आदेश देताच, राजीनामा दिला. तर त्याच सरकारमधील नवाब मलिक फेब्रुवारी २०२२ मध्ये अटक होऊनही मंत्रिपदी राहिले, फक्त त्यांची खाती इतरांकडे गेली. मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनात निकटचा मानला जाणारा सहकारी आरोपी असूनही धनंजय मुंडे तीन महिने पदावर होते. खुनाची छायाचित्रे लोकांसमोर आली आणि ४ मार्च २०२५ रोजी त्यांचा राजीनामा झाला.

दरम्यान कायदाही सरकला आहे. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात झालेल्या दुरुस्तीने मंजुरीचे कवच पद सोडलेल्यांनाही मिळाले. म्हणजे १९८४ च्या निकालाने राजीनाम्याला जे कायदेशीर वजन आले होते, ते आता उरलेले नाही. दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल मार्च २०२४ मध्ये अटक झाल्यानंतर तुरुंगातही पदावर राहिले आणि सप्टेंबरमध्ये जामिनावर बाहेर आल्यावरच त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतरच्या वर्षी, २० ऑगस्ट २०२५ रोजी, केंद्र सरकारने लोकसभेत १३० वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले आणि ते संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्याच्या आरोपावरून सलग ३० दिवस कोठडीत असलेल्या पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्र्याचे पद ३१ व्या दिवशी जाईल, अशी त्यातील तरतूद आहे. तपास यंत्रणा केंद्राच्या हाती असताना ही तरतूद विरोधी पक्षांच्या सरकारांवर उगारली जाईल, हा आक्षेप गंभीर आहे. महाराष्ट्राच्या अनुभवावरून मला दुसरीही एक उणीव दिसते: अंतुले, निलंगेकर, जोशी, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण यांपैकी एकहीजण राजीनामा देताना कोठडीत नव्हता, त्यामुळे हे विधेयक त्या वेळी लागू असते तरी या पाचांपैकी कोणालाही ते लागू पडले नसते.