माशाचा ताण आणि सस्तन प्राण्याचा ताण: संप्रेरके तीच, नुकसान वेगळे

जाळ्यात अडकलेला मासा आणि तपासणीच्या टेबलावर थरथरणारा कुत्रा, दोघांच्या रक्तात काही सेकंदांत अ‍ॅड्रेनालिन चढते. मागोमाग ताणाचे दुसरे संप्रेरक, कॉर्टिसोल, वाढते, यकृतातले ग्लायकोजेन मोडून साखर रक्तात येते, भूक मरते. हेच आठवडेच्या आठवडे चालले तर वाढ खुंटते, प्रजनन मागे पडते, रोगप्रतिकार खचतो. ताणाचे संशोधक हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाचे जे चित्र मांडले, ते माशालाही बरेचसे लागू पडते. गोंधळ होतो तो याच साम्यामुळे. कुत्र्याला शांत जागी ठेवले की तो एरवी लवकरच सावरतो. गोड्या पाण्यातला मासा मात्र पिशवीतून नव्या टाकीत धडधाकट पोहोचतो आणि दोन दिवसांनी मरतो. बघणाऱ्याला हे मरण अचानक आल्यासारखे वाटते, पण पकडल्यापासूनच त्याच्या रक्तातले मीठ पाण्यात झिरपत असते.

ग्रंथी कुठे असते

सस्तन प्राण्यात प्रत्येक मूत्रपिंडाच्या वरच्या बाजूला एक स्वतंत्र अधिवृक्क ग्रंथी असते. तिचा बाहेरचा थर कॉर्टिसोल तयार करतो, आतला गाभा अ‍ॅड्रेनालिन. हाडांच्या माशात अशी वेगळी ग्रंथीच नसते. त्याचे मूत्रपिंड कण्याखाली लांबट पसरलेले असते आणि त्याच्या पुढच्या टोकाला, डोक्याच्या लगेच मागे, शीर्षवृक्क असते. तिथल्या मोठ्या शिरेच्या भिंतीलगत दोन्ही प्रकारच्या पेशी असतात: कॉर्टिसोल बनवणाऱ्या इंटररीनल आणि अ‍ॅड्रेनालिन सोडणाऱ्या क्रोमॅफिन. विच्छेदन करताना मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही ते यामुळे. आपल्याकडे अस्थिमज्जा जे रक्तपेशी घडवण्याचे काम करते, तेही माशात प्रामुख्याने याच शीर्षवृक्कात चालते. म्हणजे प्रतिकारपेशी जिथे तयार होतात, तिथेच त्यांना दाबणारे कॉर्टिसोलही तयार होते.

वरून येणारा हुकूम दोघांत सारखाच: मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला, पिट्युटरीकडून एसीटीएच या संप्रेरकाद्वारे खाली. सस्तन प्राण्यात हायपोथॅलॅमसचा निरोप बारीक रक्तवाहिन्यांतून पिट्युटरीपर्यंत जातो, हाडांच्या माशात मज्जातंतू थेट पिट्युटरीच्या आत शिरलेले असतात.

संप्रेरकाच्या नावावरूनही चूक होते. माणूस, कुत्रा, डुक्कर यांचे ताणाचे मुख्य संप्रेरक कॉर्टिसोल आहे, पण प्रयोगशाळेतल्या उंदरांचे कॉर्टिकोस्टेरॉन. झेब्रा माशाचे पुन्हा कॉर्टिसोलच. या एका बाबतीत छोटासा मासा माणसाला उंदरापेक्षा जवळचा आहे. शार्क आणि पाकट हे कूर्चेचे मासे तिसऱ्याच वाटेने जातात. त्यांच्यात मुख्य स्टेरॉइड 1-अल्फा-हायड्रॉक्सीकॉर्टिकोस्टेरॉन असते. त्यामुळे शार्कच्या रक्तात कॉर्टिसोल कमी आढळले म्हणून तो निवांत आहे असे मानता येत नाही.

खरा फरक कल्ल्यांत आहे

सस्तन प्राण्यात कामाची वाटणी आहे: साखर आणि ताण कॉर्टिसोलकडे, मीठ राखणे अल्डोस्टेरॉनकडे. हाडांच्या माशात अल्डोस्टेरॉन तयारच होत नाही. कल्ल्यांतल्या आयन वाहून नेणाऱ्या पेशींवरही कॉर्टिसोलचेच नियंत्रण असते. सामन मासा नदीतून समुद्रात उतरण्याच्या तयारीत असताना त्याचे कॉर्टिसोल वाढते ते घाबरल्यामुळे नव्हे, खाऱ्या पाण्यासाठी कल्ले सज्ज करण्यासाठी. म्हणून माशाच्या वाढलेल्या कॉर्टिसोलचा अर्थ दरवेळी ‘ताण’ असा लावणे चूक आहे.

आता अ‍ॅड्रेनालिन काय करते ते पाहा. सस्तन प्राण्यात ते हृदयाची गती वाढवते, श्वासनलिका रुंद करते, स्नायूंकडे रक्त वळवते. जास्त हवा आत आली तरी फुप्फुसांतून शरीरातले मीठ बाहेर वाहत नाही, फार तर थोडी वाफ जाते. माशात तेच अ‍ॅड्रेनालिन कल्ल्यांच्या पटलांत जास्त रक्त खेळवते, म्हणजे जास्त प्राणवायू शोषला जावा. पण कल्ल्याचा पडदा अतिशय पातळ आणि त्याच्या पलीकडे थेट पाणी. प्राणवायूसाठी उघडलेल्या त्याच वाटेने मीठ आणि पाणीही सरकते. गोड्या पाण्यातल्या माशाचे रक्त साधारण 0.9 टक्के मिठाच्या द्रावणाइतके दाट असते आणि बाहेर जवळजवळ निव्वळ पाणी. त्यामुळे सोडियम आणि क्लोराइड बाहेर जातात, पाणी आत शिरते, माशाचे वजन किंचित वाढते. समुद्रातल्या माशात उलटे. बाहेर सुमारे 3.5 टक्के क्षार असल्याने त्याचे पाणी जाते, मीठ आत येते, वजन घटते. प्राणवायू हवा तर मीठ गमवा, मीठ राखा तर श्वास कमी, असा हा पेच आहे. सस्तन प्राण्यापुढे तो कधी उभाच राहत नाही.

गोड्या पाण्यातल्या माशांच्या वाहतुकीत मीठ घालतात त्यामागे हे कारण आहे. मीठ माशाला ‘शांत’ करत नाही, आतल्या-बाहेरच्या क्षारांतली दरी कमी करते. साधारण 0.3 ते 0.5 टक्के, म्हणजे 100 लिटर पाण्याला 300 ते 500 ग्रॅम. मीठ आधी वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून मग घालावे. खडे थेट टाकले तर तळाशी दाट थर बसतो आणि तिथे विसावलेल्या माशांचे कल्ले भाजतात. जात नवीन असेल तर दोन-चार माशांवर आधी पाहून घ्यावे, सहनशक्ती सारखी नसते. बोटुकली नेण्याआधी 24 तास आणि मोठे मासे नेण्याआधी 24 ते 48 तास खाद्य बंद ठेवतात. पोट रिकामे असले की प्राणवायूची गरज घटते आणि वाहतुकीच्या पाण्यात अमोनिया कमी साठतो. सस्तन प्राण्याला इतका काळ उपाशी ठेवणे हाच मोठा ताण ठरेल. माशाच्या शरीराला मात्र स्वतःची उष्णता राखायची नसते, म्हणून त्याला हे सहज झेपते.

माशाला पाण्याबाहेर धरणे हा सर्वांत वाईट धक्का. हवेत कल्ल्यांची पटले एकमेकांना चिकटतात आणि श्वासाचे क्षेत्रफळ कोसळते. शिवाय हात कोरडा असेल तर त्वचेवरचा बुळबुळीत थर निघतो. मीठ-पाणी अडवणारा तो दुसरा पडदा आहे, आणि तो फाटला की पाण्यातल्या बुरशीला वाट मिळते. दोन दिवसांनी दिसणारे कापसासारखे ठिपके बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात. हात ओले करणे, बिनगाठीचे मऊ जाळे वापरणे आणि शक्य तिथे माशाला पाण्यासकट उचलणे यांचा परिणाम नंतर टाकलेल्या औषधापेक्षा मोठा असतो.

धडपडीनंतरचा थकवाही वेगळा निस्तरला जातो. माशाच्या अंगाचा बहुतांश भाग पांढऱ्या स्नायूंचा असतो आणि ते जोराच्या धडपडीत प्राणवायूविना चालतात. अशा धडपडीत स्नायूंत लॅक्टेट साठते. सस्तन प्राण्यातले लॅक्टेट रक्तात उतरते आणि यकृत, हृदय व इतर स्नायू ते एक-दोन तासांत वापरून टाकतात. माशात ते बरेचसे स्नायूतच अडकून राहते आणि तिथेच हळूहळू त्याचे पुन्हा ग्लायकोजेन होते. ट्राउटला यासाठी 8 ते 12 तास किंवा त्याहून जास्त लागतात. सकाळी पकडलेल्या माशाला दुपारी पुन्हा जाळे लावणे म्हणजे जुने देणे फिटायच्या आत नवे चढवणे.

मोजताना होणाऱ्या चुका

माणसाच्या तपासणीत कॉर्टिसोल बहुधा मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, माशांच्या अभ्यासात नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. 1 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे 10 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. निवांत ट्राउटमध्ये हा आकडा साधारण 10 नॅनोग्रॅमच्या खाली असतो आणि हाताळल्यावर 30 ते 300 पर्यंत जातो. निरोगी माणसात सकाळी उठल्यावर तो सहज 50 ते 250 नॅनोग्रॅम असतो. म्हणून माणूस ट्राउटपेक्षा जास्त ताणात आहे असे होत नाही. माणसाचे बहुतेक कॉर्टिसोल रक्तातल्या वाहक प्रथिनांना, मुख्यतः ट्रान्सकॉर्टिनला, बांधलेले असते आणि मोकळा भागच काम करतो. हाडांच्या माशांत असे खास वाहक प्रथिन आढळत नाही. त्यात माणसाची पातळी सकाळी चढते आणि रात्री उतरते, त्यामुळे वेळ न लिहिलेला आकडा निरुपयोगी.

रक्त घेणे हाच ताण असल्यामुळे पहिल्या धक्क्यापासून तीन मिनिटांच्या आत नमुना मिळाला पाहिजे. टाकीत दहा मासे असतील आणि एकेक करून जाळ्याने पकडले, तर शेवटच्या माशाचा आकडा तुमच्या जाळ्याचा असतो, टाकीतल्या परिस्थितीचा नाही. सगळ्यांना एकदम भूल द्यावी. त्यासाठी एमएस-222 हे माशांचे भुलीचे औषध वापरत असाल तर ते पाण्याला आम्ल करते. पाणी मृदू असेल तर निदान तेवढ्याच वजनाचा खाण्याचा सोडा घालून पीएच सावरावा, नाहीतर भूल देतानाच कॉर्टिसोल चढते.

हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला भाग, वाढले तर कुत्र्यात किंवा घोड्यात प्लीहा आकुंचन पावून जास्त लाल पेशी रक्तात आल्याचे समजते. माशात प्लीहा आकुंचन पावतेच, पण ट्राउटसारख्या अनेक जातींत अ‍ॅड्रेनालिनमुळे लाल पेशी स्वतःही फुगतात. त्यांचा आतला पीएच त्यामुळे टिकतो आणि हिमोग्लोबिन प्राणवायू धरून ठेवू शकते. तेव्हा माशात हिमोग्लोबिन सोबत मोजल्याशिवाय पेशी वाढल्या की फुगल्या हे कळत नाही.

दीर्घ ताणाबद्दल मात्र दोघांना एकच इशारा लागू आहे: कॉर्टिसोल कमी म्हणजे सगळे ठीक, असे नाही. आठवडेच्या आठवडे गर्दीत किंवा खराब पाण्यात ठेवलेल्या माशाचे कॉर्टिसोल पुन्हा जुन्या पातळीवर येऊ शकते, वाढ मात्र खुंटलेलीच राहते. अशा वेळी एका नमुन्यावर न थांबता काही माशांना ठरावीक छोटा धक्का द्यावा, उदाहरणार्थ 30 सेकंद जाळ्यात धरणे, आणि अर्ध्या ते एका तासाने पुन्हा मोजावे. दरवेळी वेगळा मासा घ्यावा. चांगल्या स्थितीतल्या माशांच्या तुलनेत आकडा फारच कमी चढला, किंवा चढून दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर पाण्याची तपासणी, माशांची दाटी आणि खाद्य यांकडे आधी वळावे.