ट्रॅक सॉ आणि धूळसंकलन (लाकडी फरशीकाम)

लाकडी किंवा लॅमिनेटच्या फळ्यांची फरशी बसवताना फळ्या सरळ कापण्यासाठी ॲल्युमिनियमच्या लांब पट्टीवरून सरकणारी गोल पात्याची जी करवत वापरतात, तिला ट्रॅक सॉ म्हणतात. कापताना उडणारा भुसा पात्यापाशीच ओढून घेण्याची व्यवस्था म्हणजे धूळसंकलन. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड अशा शहरांत बंगले, फ्लॅट, दवाखाने आणि दुकाने यांत ही फरशी आता बसवली जाते. काम चालू असताना घरातली माणसे बहुधा शेजारच्याच खोलीत राहत असतात, म्हणून इथे धुळीचा प्रश्न कारखान्याइतकाच घराचाही आहे.

मराठवाड्याची जुनी जमीन दगडाची किंवा सारवलेल्या मातीची. शहाबादी फरशी आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून यायची. तो भाग आणि मराठवाडा दोन्ही निजामाच्या राज्यातले. लाकूड असायचे ते डोक्यावर, माळवदाच्या तुळयांत आणि कडीपाटात, नाहीतर दारा-खिडक्यांत. किनवटच्या जंगलातल्या सागाचे नाव त्यामुळेच घराघरांत माहीत. पायाखालचे काम गवंड्याचे आणि वरचे सुताराचे, अशी सरळ वाटणी होती. लाकडी फरशी आली आणि पायाखालचे काम फर्निचर करणाऱ्या सुताराकडे गेले. त्याच्या हातातली अवजारेही त्याच्याबरोबर आली.

आज ज्याला सर्रास ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणतात ते बहुतेक वेळा लॅमिनेट असते. स्वीडनमधल्या पेर्स्टॉर्प कंपनीने 1977 मध्ये ते प्रथम तयार केले. लाकडाचे बारीक तंतू फॉर्माल्डिहाइडयुक्त राळेत दाबून केलेला घट्ट गाभा, त्यावर लाकडाच्या रेषांचा छापील कागद आणि सगळ्यात वर ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेला कठीण पारदर्शक थर, अशी त्याची घडण. जाडी साधारण 8 किंवा 12 मिमी. वरचा थर पात्याची धार लवकर खातो. गाभा तंतूंचाच असल्याने त्याचा भुसा सागाच्या भुशापेक्षा कितीतरी बारीक, पिठासारखा पडतो.

या पिठाकडे गांभीर्याने पाहायला हवे. रंध्याचा किस जमिनीवर पडतो, डोळ्यांना दिसतो, झाडून निघतो. अपाय करते ती न दिसणारी धूळ. 10 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण श्वासनलिकेत खोल उतरतात, 4 मायक्रॉनच्या आसपासचे थेट वायुकोशांपर्यंत जातात, आणि करवत थांबल्यावरही ते बराच वेळ हवेत तरंगत राहतात. दमा, सर्दी, डोळ्यांची आणि कातडीची जळजळ हे त्रास सुतारकामात जुनेच आहेत. 1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांच्या लक्षात आले, की नाकाच्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग सुतारांमध्ये वारंवार दिसतो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. पुढे फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात गेले. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आता एक घनमीटर हवेत 2 मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे त्याच धुळीसमोर सुतार नाकाला दस्ती बांधून बसलेला असतो. दस्तीने मोठा भुसा अडतो, बारीक धूळ सरळ आत जाते.

रूढ पद्धत अशी, की मार्बल कापायच्या चार इंची कटरला लाकडाचे पाते लावायचे, गुण्याने रेघ मारायची आणि हाताच्या अंदाजाने कापायचे. त्या कटरला धूळ ओढायची सोयच नसते. पाते उघडे आणि भुसा थेट कापणाऱ्याच्या तोंडावर. म्हणून जाणते मिस्त्री गॅलरीत, अंगणात किंवा गच्चीवर जाऊन कापतात. बिनखर्चाचा हा उपाय चांगलाच आहे. मात्र एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात आणि वारा कुठल्या बाजूने फिरेल हे सांगता येत नाही. शिवाय प्रत्येक फळीसाठी दोन-तीन जिने चढण्या-उतरण्यात दिवस जातो, आणि मग शेवटच्या चार फळ्या ‘एवढ्याच राहिल्यात’ म्हणून खोलीतच कापल्या जातात. घरभर पसरते ती त्या चार फळ्यांची धूळ.

ट्रॅक सॉमध्ये पाते धातूच्या बंद कवचात असते. पट्टीवर यंत्र ठेवून मूठ खाली दाबली, की पाते कवचातून बाहेर येऊन फळीत उतरते. दाब सोडला की परत आत जाते. पाते सहसा 160 ते 165 मिमी व्यासाचे आणि सरळ कापाची खोली 55 मिमीच्या आसपास, म्हणजे फरशीच्या फळीला पुरून उरते. यंत्र घडवले गेले सरळ कापासाठी, पण याच बंद कवचामुळे धूळ पकडण्यात ते उघड्या कटरच्या कितीतरी पुढे आहे. कवचाच्या मागच्या तोंडाला व्हॅक्यूमची नळी जोडली, की पात्याने उडवलेला बहुतेक भुसा तिथूनच ओढला जातो. कमी पडते ते कडेची अगदी बारीक चीर काढताना. पात्याची एक बाजू तेव्हा लाकडाबाहेर असते आणि त्या बाजूने भुसा निसटतो.

पट्टीच्या कडेला रबरासारखी एक मऊ झालर असते. नवी पट्टी आणली की ती झालर पात्याच्या रेषेपेक्षा थोडी बाहेर असते. पहिल्या कापात पातेच तिला छाटते. तिथून पुढे झालरीची कड म्हणजेच कापाची रेघ. फळीवरच्या दोन खुणांना ती कड टेकवली की पुन्हा मोजायला नको. गोल पात्याचे दात खालून वर येतात, त्यामुळे कपच्या उडतात त्या वरच्या, दिसणाऱ्या बाजूच्या. झालर तिथेच दाबून बसलेली असल्याने पट्टीखालचा तुकडा स्वच्छ निघतो. म्हणून वापरायचा तुकडा पट्टीखाली आणि टाकायचा बाहेर ठेवतात. पाते फळीखाली दोन-तीन मिमीच उतरवावे, आणि फळीखाली जाड थर्माकोल किंवा प्लायचा तुकडा घ्यावा.

या यंत्राचा खरा कस शेवटच्या रांगेत लागतो. काळ्या मातीवरची घरे पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या जमिनीबरोबर हलतात; जुन्या दगडी भिंती तर मुळातच ओळंब्यात नसतात. शेवटून दुसरी रांग आणि भिंत यांतले अंतर एका टोकाला 9 सेंमी आणि दुसऱ्या टोकाला 7 सेंमी भरले, तर शेवटची फळी निमुळती कापावी लागते. हाताच्या कटरने एवढी लांब तिरकी रेघ लाटेसारखी जाते. इथे दोन टोकांना खुणा करून पट्टी ठेवली की झाले. मात्र भिंतीशी 10 ते 12 मिमी फट सोडूनच माप धरावे. मे महिन्यातल्या दुपारी हवेतली आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते आणि ऑगस्टच्या सकाळी 80 च्या वर जाते. उन्हाळ्यात भिंतीला घट्ट भिडवलेली फरशी श्रावणात मधोमध उचलली जाते. फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली, झाकली जाते, तेव्हा दिसण्याची काळजी नको. फळ्या आणल्यावर त्याच खोलीत 48 तास आडव्या ठेवाव्यात, कूलरच्या झोतात नव्हे. आडव्या छोट्या कापांना ट्रॅक सॉचा फारसा फायदा नाही. तिथे मायटर सॉ, म्हणजे एका जागी ठेवून वरून खाली आणायची गोल पात्याची करवत, वेगवान, पण ती धूळ फार सांडते, म्हणून ती गॅलरीतच मांडावी.

व्हॅक्यूमची निवड करवतीइतकीच महत्त्वाची. घरातल्या साफसफाईच्या व्हॅक्यूमची पिशवी या पिठाने लवकर चोंदते आणि ओढ मरते. युरोपीय मानकात यंत्रांचे एल, एम आणि एच असे वर्ग आहेत. एल वर्गाच्या यंत्रातून 1 टक्क्यापेक्षा कमी धूळ परत बाहेर पडते, एममधून 0.1 टक्क्यापेक्षा कमी, एचमधून 0.005 टक्क्यापेक्षा कमी. लाकडासाठी एम वर्ग योग्य. नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला 20 मीटरखाली गेला की तो इशारा देतो. चांगल्या यंत्रात करवतीसाठी सॉकेट असते: करवत सुरू झाली की व्हॅक्यूम आपोआप सुरू होतो आणि ती थांबल्यावर नळी रिकामी होईपर्यंत काही सेकंद चालतो. दोन्ही मिळून अडीच हजार वॅटच्या घरात जातात, म्हणजे सुमारे 11 अँपिअर. दिव्याच्या बटणाशेजारचा 6 अँपिअरचा सॉकेट यासाठी चालत नाही. गिझरचा किंवा एसीचा 16 अँपिअरचा पॉइंट आणि जाड वायरचा बोर्ड घ्यावा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात साध्या प्लास्टिकच्या नळीत स्थिर वीज साठते आणि हाताला झटके बसतात, म्हणून अँटिस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साठू न देणाऱ्या, नळीचे पैसे वाचवू नयेत.

कापताना पंखा आणि कूलर बंद ठेवावेत. उकाड्यात हे सांगणे जड जाते, पण कूलरचा झोत पात्याजवळून निसटलेली धूळ उचलून थेट स्वयंपाकघरात नेतो. यंत्र असले तरी एन-95 मास्क हवाच. संध्याकाळी खोलीतला दिवा घालवून जमिनीलगत टॉर्च धरला, की उरलेली धूळ उजेडात तरंगताना दिसते. ती बसू द्यावी आणि मग व्हॅक्यूमने ओढावी. झाडू मारला तर ती सगळी पुन्हा हवेत जाते.

पिशवीतल्या भुशाचे काय करायचे, हेही ठरलेले हवे. भुशाची शेगडी काही घरांत अजून पेटते आणि कोंबड्यांखालीही भुसा अंथरतात. सागाचा किंवा बाभळीचा भुसा तिथे चालतो. लॅमिनेटच्या भुशात राळ असते, त्यामुळे तो शेगडीत, कोंबड्यांखाली किंवा खताच्या खड्ड्यात घालू नये. पिशवीचे तोंड बांधून तो सुक्या कचऱ्यात वेगळा द्यावा.