पटावरचा गहू आणि ६४१

सांगलीत बुद्धिबळ म्हटलं की भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ आठवतंच. अशा गावात पोरांना घोड्याच्या अडीच घरांबरोबर गव्हाच्या दाण्यांची गोष्टही कानावर पडते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची.

हजार दाण्यांचं वजन साधारण ४० ग्रॅम धरा. पहिल्या ओळीचे २५५ दाणे मुठीत मावतात. दुसरी ओळ संपेपर्यंत अडीच किलो होतात, तिसरी संपेपर्यंत पावणेसात क्विंटल, चौथीअखेर १७० टन, म्हणजे दहा टनी सतरा ट्रक. अख्ख्या पटाला मात्र जगाचा नऊशे वर्षांचा गहू लागेल, कारण जगात वर्षाला जेमतेम ८० कोटी टन पिकतो. दाणे एकूण १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. ‘लीलावती’त (इ.स. ११५०) भास्कराचार्यांनी दिलेली संख्यानामं परार्धापाशी (एकावर सतरा शून्यं) थांबतात, हे १८४ परार्धांच्या वर जातं.

राजाकडे हे दाणे बक्षीस मागणाऱ्या सिस्सा नावाच्या हुशार माणसाची ही गोष्ट तेराव्या शतकात इब्न खल्लिकानने लिहून ठेवली. आकडा त्याच्याही आधीचा. इ.स. १०००च्या सुमारास अल-बिरुनीने तो काढला, आणि चौसष्ट वेळा दुप्पट न करता. २ चा वर्ग ४, त्याचा १६, मग २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६. आणखी एक वर्ग करून एक वजा केला की झालं. छंदांतल्या लघु-गुरूंचे प्रकार मोजायला पिंगलाने त्याच्या कितीतरी शतकं आधी हीच वर्गाची युक्ती सांगितली होती.

गोष्ट सांगणारे आकड्याच्या मोठेपणावरच थांबतात, याची मला हळहळ वाटते. खरी मजा त्याचे अवयव पाडल्यावर आहे. शेवटी ५ आहे, अंकांची बेरीज ८७ येते. म्हणजे ५ आणि ३ ने भाग जातो हे शाळकरी पोरही सांगेल. असेच अवयव पाडत गेलं तर ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७. प्रत्येक अवयव वरच्या वर्गांच्या ओळीतल्या संख्येपेक्षा एकाने जास्त (पहिला ३ म्हणजे २ अधिक १). असे सगळे आकडे मूळ संख्या असतात, असं १६४० मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटलं होतं.

पहिले पाच खरोखरच मूळ आहेत. त्यांचा गुणाकार ४,२९,४९,६७,२९५, म्हणजे नेमके अर्ध्या पटाचे दाणे! १७९६ मध्ये गणितज्ञ गाउसने पट्टी-कंपासने सतरा बाजूंची सुसम आकृती काढता येते हे दाखवलं. त्याच वाटेने पुढे गेलं, तर पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या, बाजूंची संख्या विषम असलेल्या ज्ञात सुसम आकृतींत सर्वांत मोठीला इतक्याच बाजू असतात.

सहावा मात्र फसवा निघाला. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने त्याला भागणारी संख्या दाखवली. अशी मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा एकाने जास्तच असावी लागते, हेही त्याने पुढे सिद्ध केलं. कागद घेऊन बसा: १९३ ने भाग जात नाही, २५७ ने नाही, ४४९ ने नाही, ५७७ नेही नाही. पाचव्या खेपेला ६४१ ने निःशेष जातो, भागाकार ६७,००,४१७.