पुढची तबकडी कोण उचलतं? फ्रीफॉर्म आणि एओआर

अमेरिकेतल्या जुन्या रॉक रेडिओचा विषय निघाला की 'फ्रीफॉर्म' आणि 'एओआर' (अल्बम ओरिएंटेड रॉक) हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. घोटाळा होणारच. दोन्ही एफएमवरचे, दोन्हींत एलपीवरची (मोठ्या, पूर्ण अल्बमच्या तबकडीवरची) लांबलचक गाणी, दोन्हींत डीजे, म्हणजे गाणी लावणारा निवेदक, आरडाओरडा न करता बोलणारा. रेडिओ पाच मिनिटं ऐकून फरक कळत नाही. तो कळायला स्टुडिओत डोकवावं लागतं.

फ्रीफॉर्ममध्ये तबकडी डीजेच्या मर्जीने लागायची. टॉम डोनाह्यू हा डीजे मूळचा एएम या जुन्या रेडिओपट्ट्यावरच्या टॉप फोर्टीतला. तिथे मोजकी हिट गाणी दिवसभर फिरवायची, ती संपायच्या आत बोलायचं. त्याचा कंटाळा आल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत त्याने केएमपीएक्स हे स्टेशन शोधलं. परभाषी कार्यक्रमांना वेळ विकून ते कसंबसं तग धरून होतं. फोनसुद्धा तोडलेला होता म्हणतात! 7 एप्रिल 1967 ला घरच्या तबकड्या घेऊन तो तिथे बसला. ब्लूजच्या शेजारी रविशंकरांची सतार, मध्ये जाहिरात नाही, तीन-चार गाणी एकमेकांत मिसळून झाली की मग दोन शब्द. ही जोडणी हीच डीजेची कला.

मालकांनी हे चालू कसं दिलं? एफएमला तेव्हा श्रोता कमी, जाहिरातदार त्याहून कमी. त्यात सरकारी नियम आला: मोठ्या शहरांत मालकाला आपल्या एएम स्टेशनचाच कार्यक्रम एफएमवर दिवसभर लावता येणार नाही. 1967 पासून तो अमलात आला आणि कितीतरी एफएम स्टेशनांपुढे रिकामे तास पडले. ते भरायला तबकड्यांचा नाद असलेली तरुण मंडळी स्वस्तात मिळत होती. न्यूयॉर्कला डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएमवर ॲलिसन स्टील रात्री कविता वाचून कार्यक्रम सुरू करायची. हे कुठल्या नियमावलीत बसणार?

मग एफएमवर पैसा आला, आणि तिथूनच एओआर निघालं. 1971 मध्ये रेडिओ स्टेशनांना परवाने देणाऱ्या सरकारी नियामक आयोगाने बजावलं की गाण्यांत अमली पदार्थांचे उल्लेख असतील तर ते काय आहेत याची माहिती परवानाधारकाला असलीच पाहिजे. एका डीजेच्या लहरीवर परवाना टांगून ठेवायला कोण तयार होणार? त्याच दशकात ली अब्राम्स या सल्लागाराने श्रोत्यांची आवड तपासून 'सुपरस्टार्स' नावाचा साचा बनवला आणि तो अनेक शहरांत विकला. एलपी तीच, पण तिच्यातली कुठली गाणी, किती वेळा, हे आधीच ठरलेलं. डीजेने ठरलेल्या यादीतून उचलायचं. आवाज त्याचा, निवड दुसऱ्याची.

मला एओआर अगदीच टाकाऊ वाटत नाही. फ्रीफॉर्ममध्ये रटाळ डीजे लागला की सुटका नसायची, आणि तसे पुष्कळ होते. पण जुनं ध्वनिमुद्रण हाती लागलं तर ओळखायची एक युक्ती आहे: डीजे बदलल्यावर संगीतही बदलतं का? बदललं, तर बहुधा फ्रीफॉर्म. माणूस बदलूनही तीच गाणी फिरत राहिली, तर एओआर.

डोनाह्यूच्या मंडळींनी 1968 मध्ये केएमपीएक्सवर संप केला आणि ती केएसएएन या दुसऱ्या स्टेशनात गेली. डोनाह्यू 1975 ला वारला. 1980 मध्ये केएसएएनवर रॉक बंद होऊन कंट्री संगीत लागलं.